मृतस्मरण, ख्रिस्ती : ठाणे–कल्याण परिसरातील परंपरा

मृत आप्तेष्टांची व धर्मबांधवांची स्मृती प्रार्थना, विधी आणि कलाकृती यांच्या द्वारे जपण्याची ख्रिस्ती समाजातील परंपरा. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे आणि २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडणारा वसईचा प्रदेश यांत या परंपरेचा इतिहास सलग नसला, तरी पुष्कळ जुना आहे. या परिसरातील ख्रिस्ती मृतांच्या अस्थी अनेकदा मूळ जागी राहिल्या नाहीत. त्या इतरत्र नेण्यात आल्या, त्यांवरील वास्तू राज्यक्रांतीत कोसळल्या अथवा जागेच्या टंचाईमुळे त्या हलवाव्या लागल्या. त्यामुळे मृतांना स्थान देण्याचे कार्य थडग्यापेक्षा पत्र, चित्र, शिलालेख, गीत व ग्रंथ यांनी अधिक केले. प्रस्तुत नोंदीत या माध्यमांचा कालक्रमाने परामर्श घेतला आहे.

धार्मिक आधार : ख्रिस्ती श्रद्धेनुसार मृत्यू हा जीवनाचा शेवट नसून देहाचे पुनरुत्थान व्हावयाचे आहे. त्यामुळे देह हा टाकून देण्याचा पदार्थ मानला जात नाही; पुनरुत्थानाची वाट पाहणाऱ्या व्यक्तीचा तो अवशेष मानला जातो. रोमच्या परिसरातील भूमिगत दफनस्थळांत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी चितारलेली चांगला मेंढपाळ, नांगर, मासा, लाजरसाचे उठणे यांसारखी चित्रे याच आशेची चिन्हे होत. शोकाच्या जागी आशेचे चित्र काढावयाचे, ही प्रथा ख्रिस्ती मृतस्मरणकलेच्या मुळाशी आहे.

कॅथलिक परंपरेत पृथ्वीवरील भाविक, स्वर्गातील संत आणि शुद्धिस्थानातील आत्मे यांचा एक आध्यात्मिक सहवास मानलेला असून जिवंत लोकांच्या प्रार्थनेचा मृतांना उपयोग होतो, अशी श्रद्धा आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण व २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन होय. क्लूनीच्या मठाचा अधिपती ओदिलो (मृत्यू १०४९) याने आपल्या मठांत हा दुसरा दिवस पाळण्याचा प्रघात पाडला व तेथून तो पश्चिम युरोपभर रूढ झाला. प्रॉटेस्टंट पंथांनी शुद्धिस्थानाची कल्पना व मृतांसाठी करावयाची प्रार्थना नाकारली. परिणामी त्यांच्यात मृतांसाठी प्रार्थना करण्याऐवजी मृतांबद्दल देवाचे आभार मानण्याची पद्धत पडली आणि स्मृतिशिला, शोकगीत व चरित्र यांना महत्त्व आले. या दोन्ही धारा ठाणे–कल्याण परिसरात येऊन मिळाल्या आहेत.

प्राचीन उल्लेख : सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लूस्टीझ याने कल्लियाना येथे ख्रिस्ती लोक राहत असून त्यांचा धर्माध्यक्ष इराणमध्ये दीक्षा घेऊन येतो, असे नमूद केले आहे. हे कल्लियाना म्हणजे ठाण्याजवळील कल्याण बंदर होय, असे अनेक संशोधक मानतात. काहींच्या मते ते दक्षिणेकडील एखादे स्थळ असावे. पहिले मत ग्राह्य धरल्यास कल्याणचा ख्रिस्ती समाज हा भारतातील सर्वांत जुन्या समाजांपैकी एक ठरतो. या समाजाची ओळखता येईल अशी थडगी मात्र कल्याणात उभी नाहीत. परक्या प्रवाशाच्या ग्रंथातील एका वाक्यावरच त्याची स्मृती टिकून आहे.

ठाण्याचे हुतात्मे (१३२१) : मृतस्मरणाची तपशीलवार माहिती मिळते अशी या परिसरातील पहिली घटना चौदाव्या शतकातील आहे. टॉलेंतीनोचा टॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा (सध्याचे तिबिलिसी) दिमित्रीयस हे फ्रान्सिस्कन संघाचे चौघे चीनकडे निघाले होते. त्यांच्या समवेत दोमिनिकन संघाचा फ्रेंच धर्मोपदेशक जॉर्डेनस हाही होता. होर्मझहून क्विलॉनकडे (कोल्लम) निघालेले त्यांचे जहाज प्रतिकूल वाऱ्यामुळे ठाण्यास लागले. त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन पंथाची पंधरा घरे होती, असे समकालीन वृत्तांतात म्हटले आहे. त्यांपैकी एका घरी हे पाहुणे उतरले. बाप्तिस्मा देण्याचे काम असल्याने जॉर्डेनस त्यांना सोडून सोपाऱ्याच्या बाजूस गेला.

पुढील प्रसंग घरगुती कलहातून उद्भवला. यजमानाने पत्नीला मारहाण केली व तिने काझीकडे तक्रार नेली. साक्षीदार कोण, असे विचारता तिने घरी उतरलेल्या परदेशी धर्मगुरूंचे नाव सांगितले. काझीपुढे साक्षीऐवजी धर्मचर्चाच झाली, तीतून वाद वाढला आणि टॉमस, जेम्स व दिमित्रीयस यांना ९ एप्रिल १३२१ रोजी, तर पीटरला ११ एप्रिल रोजी ठार मारण्यात आले. तो ख्रिस्ती पंचांगातील झावळ्यांच्या रविवाराच्या आगेमागेचा काळ होता.

वार्ता समजताच जॉर्डेनस परतला. जिनोआच्या एका तरुणाच्या साहाय्याने त्याने सोबत्यांचे देह सोपारा येथे नेले व तेथील चर्चमध्ये पुरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोघा (गुजरात) येथून आणि पुढे ठाण्याहून त्याने आपल्या धर्मबंधूंना पत्रे लिहिली. त्यांत सोबत्यांच्या मृत्यूचे निवेदन असून एकटे मागे राहिल्याचे दुःखही व्यक्त झाले आहे. ठाणे परिसरातील ख्रिस्ती मृतस्मरणाचा हा पहिला लेख होय. त्याचा हेतू वाङ्‌मयीन नव्हता. जे गेले ते कोण होते व कसे गेले, हे त्यांच्या माणसांना कळावे, एवढ्यासाठी तो लिहिला गेला.

यानंतर लवकरच पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला. त्याने सोपाऱ्याच्या अस्थी उकरून काढल्या, कापडात गुंडाळल्या आणि चीनमधील झायतून (छ्वान्‌जो) येथील आपल्या संघाच्या मठात नेऊन ठेवल्या. १३३० मध्ये पादुआ येथे त्याने सांगितलेला प्रवासवृत्तांत एका संघबंधूने लिहून घेतला. त्यात या चौघांची हकिकत विस्ताराने आली आहे. ओडोरिकने नोंदविलेला एक तपशील विशेष लक्षणीय आहे. जेथे हे चौघे मारले गेले, तेथील माती ठाण्यातील मुसलमान व मूर्तिपूजक लोकही आजारपणात पाण्यात कालवून पीत व त्याने गुण येतो असे मानीत. हा वृत्तांत भक्तिभावाने रंगविलेला असला, तरी मृतांविषयीचा आदर पंथाच्या सीमा ओलांडून जातो, या लोकव्यवहाराची ती जुनी नोंद ठरते.

अस्थी चीनकडे गेल्या. टॉमसचे मस्तक इटलीतील टॉलेंतीनो या त्याच्या गावी नेण्यात आले, अशी परंपरा आहे. त्यामुळे ठाण्यात वा सोपाऱ्यात त्यांचे थडगे उरले नाही. स्मृती मात्र चित्रकलेत प्रविष्ट झाली. सिएना येथील फ्रान्सिस्कन मठासाठी आंब्रोजो लोरेन्झेत्ती (मृत्यू सु. १३४८) याने केलेले फ्रान्सिस्कनांच्या हौतात्म्याचे भित्तिलेपचित्र प्रसिद्ध आहे. सिंहासनावर बसलेला राजा, गुडघे टेकून मृत्यूची वाट पाहणारे भिक्षू, काम उरकून तलवार म्यान करणारा मारेकरी आणि भोवती निरनिराळ्या वंशांच्या चेहरेपट्टीचे प्रेक्षक अशी त्याची रचना आहे. मूळ मठाच्या सभागृहातील हे चित्र १८५७ मध्ये भिंतीवरून सोडवून चर्चमध्ये हलविण्यात आले. शिल्पकार लोरेंझो गीबेर्ती (१३७८–१४५५) याने सिएनाच्या या मठातील लोरेन्झेत्तीच्या हौतात्म्यविषयक चित्रमालिकेचे वर्णन आपल्या लेखनात केले आहे. चित्रातील प्रसंग ठाण्याचा की मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील सेउता अथवा मध्य आशियातील अलमालिक येथील, याविषयी कलेतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि ठाण्यात मारला गेलेला पीटर हा सिएनाचाच रहिवासी होता, ही गोष्ट ठाण्याच्या बाजूने पुढे केली जाते. हे मत मान्य केल्यास परमुलखात मेलेल्या आपल्या माणसाला त्याच्या गावाने भिंतीवर परत आणले, असे म्हणता येते. टॉमस याचा उपासनापंथ पोप तेरावे लिओ यांनी १८९४ मध्ये मान्य केला.

पोर्तुगीज काळ : १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांकडे आला. फ्रान्सिस्कन, जेझुइट, दोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांनी वसई, ठाणे व साष्टी येथे चर्चे व मठ उभारले. ठाण्यातील मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च हे मूळचे फ्रान्सिस्कनांचे होय. या काळात मृतस्मरणास चर्चच्या वास्तूतच जागा मिळाली. श्रीमंत व सरदार घराण्यांतील मृत व्यक्तींना चर्चच्या फरशीखाली पुरून वर कोरीव शिळा बसवीत. अशा शिळा वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये, विशेषतः फ्रान्सिस्कन चर्चमध्ये, पाहावयास मिळतात. त्यांवर कुलचिन्ह, मृताचे नाव, अधिकारपद व मृत्युवर्ष कोरलेले असते. ही कबर अमुकाची व त्याच्या वारसांची आहे, असा मजकूर पोर्तुगीज थडग्यांवर सर्रास आढळतो. या मजकुरात प्रार्थनेइतकाच मालकीहक्क व्यक्त होतो. मृताच्या नावावरून चालत जाऊनच भाविकांनी वेदीपाशी पोहोचावे, अशी ही योजना होती. नम्रता आणि घराण्याचा अभिमान या दोहोंचा तीत विलक्षण संयोग झालेला दिसतो.

धर्मांतरित कोळी, कुणबी, आगरी, भंडारी आदी समाजांतील सामान्य माणसास असा दगड लाभला नाही. त्याची स्मृती वेगळ्या प्रकारे राहिली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानुसार प्रत्येक धर्मग्रामात मृतांची नोंदवही ठेवणे आवश्यक होते; त्यामुळे ज्याला थडगे नव्हते त्याचे नावही कागदावर आले. दया-बंधुसंघ (मिझेरिकोर्दिया) ही १४९८ मध्ये लिस्बन येथे स्थापन झालेली संस्था वसईतही होती. मृताला मूठमाती देणे हे ख्रिस्ती परंपरेतील दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक असल्यामुळे निराधारांचे दफन हा अशा संघांच्या कार्याचा भाग असे.

या काळातील वसईच्या सर्वांत प्रसिद्ध मृताची कबरही वसईत नाही. गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५७ मध्ये वसईत पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटी झाला. तो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद देण्यात आले. वसई परिसरात त्याचा वार्षिक सण, त्याच्या मूर्ती व त्याच्या नावाची चर्चे यांच्या द्वारे त्याची आठवण पाळली जाते. दूर देशी मेलेल्या मुलाची मूर्ती घडवून त्याच्या गावाने त्याला घरी आणावे, हा सिएनातील प्रकारच येथे उलट दिशेने घडलेला दिसतो.

गीतरूप स्मरण : दगड ज्यांना परवडत नव्हता, त्यांच्यासाठी शब्द व सूर हेच स्मारकाचे साधन ठरले. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाने ख्रिस्ताचे दुःखभोग, मृत्यू व पुनरुत्थान ही कथा मराठी पुराणाच्या रूपात नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे ठेवली. उत्तर कोकणात फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रांसिस्कु वाझ द गिमारांइश यांनी १६५९ मध्ये येशूच्या दुःखभोगावरील पुराण रचले. येथील ख्रिस्ती लोकांच्या बोलीशी जवळीक असलेले हे काव्य उपवासकाळात गायिले जात असे व एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रणही झाले.

वरवर पाहता ही काव्ये एकाच मृत्यूविषयी, म्हणजे ख्रिस्ताच्या मृत्यूविषयी आहेत. तथापि मुलाच्या देहापाशी बसलेल्या मातेचा विलाप घरोघरी गायिला जातो, तेव्हा त्यात त्या घरचा शोकही मिसळतो. उपवासकाळातील सामूहिक गायनाने घरातील मृत्यूला मोठ्या कथेत जागा मिळाली. त्याला अर्थ व शेवटी आशेचे वळणही मिळाले. मराठी भाषेला ओवीबद्ध शोकाची परंपरा आधीपासूनच होती. ख्रिस्ती रचनाकारांनी तिचाच स्वीकार केल्यामुळे नव्या धर्मातील स्मरण जुन्या सुरातच प्रकट झाले.

मराठा विजय व त्यानंतरचा काळ : १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. पोर्तुगीज घराणी व बहुतेक युरोपीय धर्मगुरू प्रदेश सोडून गेले. चर्चच्या अनेक वास्तू ओस पडल्या आणि ज्या वारसांसाठी कबरींचा हक्क दगडात कोरून ठेवला होता, ते वारसच राहिले नाहीत. शिळांवर ऊन-पाऊस पडू लागला. मृत्युघंटा वाजविणाऱ्या चर्चच्या काही घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. भीमाशंकर, मेणवली व नाशिकचे नारोशंकर मंदिर येथील घंटा या संदर्भात प्रसिद्ध आहेत. मागे राहिलेला स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र देशी धर्मगुरूंच्या देखरेखीखाली टिकून राहिला. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी या समाजातील लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले व त्याच वर्षी त्यांची संघटना स्थापन झाली.

या समाजाची ठळक दृश्यकला म्हणजे रस्त्याकडेचे क्रूस होत. मुंबई, साष्टी, उत्तन व वसई परिसरात गावाच्या वेशीवर, तिठ्यावर अथवा घराच्या अंगणात दगडी वा चुनेगच्ची क्रूस उभे आहेत. त्यांच्या चौथऱ्यावर पुष्कळदा वर्ष व उभारणाऱ्या कुटुंबाचे नाव कोरलेले असते. काही क्रूस पडलेल्या चर्चची जागा दर्शवितात, काही नवसाचे आहेत, तर काही साथीच्या काळातील. १८९६ मध्ये मुंबईत ब्युबॉनिक प्लेगची साथ आली, तेव्हा रोगनिवारणासाठी व मृतांच्या स्मृतीसाठी अनेक क्रूस उभारले गेले. साथीत दफन घाईने उरकावे लागे आणि पुष्कळांना स्वतंत्र थडगे मिळत नसे. अशा वेळी गल्लीतला क्रूस हा सर्वांचाच स्मृतिस्तंभ झाला. मे महिन्यात या क्रूसांना फुलांच्या माळा घालून संध्याकाळी शेजारीपाजारी तेथे जपमाळ व लादीन म्हणण्याची पद्धत आहे.

प्रॉटेस्टंट धारा : १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे जिल्ह्याचे ठाणे झाल्यावर तेथे इंग्रज अधिकाऱ्यांची वस्ती वाढली. ठाण्यातील इंग्रजी चर्च १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर (१७८३–१८२६) यांनी आपल्या मुंबई भेटीच्या वेळी विधिपूर्वक उपासनेस अर्पण केले. हेबर हे स्वतः नामवंत स्तोत्रकार होते व त्यांनी दफनप्रसंगी गावयाचे शोकगीतही रचले होते. पुढल्याच वर्षी त्रिचनापल्ली येथे त्यांचा अकाली मृत्यू झाला. इंग्रजांच्या दफनभूमीत व चर्चच्या भिंतींवर स्मृतिपट्टिका लावण्याची प्रथा होती. त्यांवरील मजकूर पोर्तुगीज शिळांहून भिन्न असतो. कुलाच्या हक्काऐवजी तेथे पती, पत्नी वा सोबती यांचा वियोग, मृताचे वय व बायबलातील एखादे वचन येते. हवामान व रोगराई यांमुळे तान्ह्या मुलांची व तरुण स्त्रियांची थडगी अशा दफनभूमींतून बरीच असतात.

मराठी प्रॉटेस्टंट समाजातील मृतस्मरणाचे सर्वांत मोठे उदाहरण कल्याणशी संबंधित असलेल्या एका कुटुंबाचे आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याण येथे झाले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी काही वर्षांच्या ताटातुटीनंतर १९०० मध्ये तीच वाट धरली. ख्रिस्ती उपासना मराठी मनाला परकी वाटू नये, म्हणून टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन या रूपांचा उपयोग केला. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची बरीच गीते आहेत व ती सुखदुःखाच्या प्रसंगी गायिली जातात. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले व रक्षा अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे पुरण्यात आली. दफन ही ख्रिस्ती समाजातील सार्वत्रिक रूढी असताना या निर्णयाने ख्रिस्ती श्रद्धा आणि देशी अंत्यविधी यांचा मेळ घालून दाखविला.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले होते; त्याचे सुमारे दहा अध्याय लिहून होताच ते वारले. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळालेले नव्हते. लिहिण्यावाचण्याची ओळख त्यांना टिळकांनीच करून दिली होती. त्यांनी पतीचे अपुरे काव्य पुढे चालविले आणि आणखी चौसष्ट अध्याय रचले. अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला व १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला. मृताचे राहिलेले काम पूर्ण करणे हे त्याचे श्रेष्ठ स्मरण होय, ही भावना येथे प्रत्यक्षात आली. एकाच काव्यात तीन माणसांचा हात आहे व त्यांपैकी दोघे ग्रंथ छापून येण्यापूर्वीच गेलेले आहेत.

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा उगमही असाच आहे. देवदत्त टिळक यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्याला साधन म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहिण्यास सांगितले. या आठवणींचा पहिला भाग १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. येथे मृत व्यक्तीचे गुणगान नाही. टिळकांचा विक्षिप्तपणा, संताप, औदार्य व घरातील ओढाताण हे सर्व लक्ष्मीबाईंनी प्रांजळपणे व विनोदाने सांगितले आहे. थडग्यावरील लेख केवळ सद्‌गुण नोंदवितो. या ग्रंथाने सबंध माणूस जपला. चर्चच्या फरशीवरील कुलचिन्हापासून पत्नीने सांगितलेल्या घरगुती आठवणींपर्यंतचा हा प्रवास मृतस्मरणाच्या इतिहासातील मोठा पल्ला आहे. स्मारकाचा विषय असलेली स्त्री येथे स्मारकाची कर्ती झाली.

विद्यमान स्वरूप : १८५३ मध्ये मुंबई–ठाणे व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाल्यावर या परिसरात गोव्यातून व इतर प्रांतांतून ख्रिस्ती कुटुंबे येऊ लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने व उपनगरी वस्ती वाढल्यावर ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे केरळ, तमिळनाडू, गोवा व महाराष्ट्राच्या इतर भागांतील ख्रिस्ती लोक स्थायिक झाले. १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. त्यामुळे लॅटिन, सिरियन व प्रॉटेस्टंट अशा तिन्ही परंपरांचे मृतस्मरण एकाच शहरात शेजारी शेजारी चालते. लॅटिन पंथीय २ नोव्हेंबरचा दिवस पाळतात, तर सिरो-मलबार पंचांगात प्रकटीकरणकाळाच्या अखेरच्या शुक्रवारी सर्व मृत भाविकांचे स्मरण असते.

कॅथलिक कुटुंबांत मृत्यूनंतर सातव्या व तिसाव्या दिवशी आणि वर्षश्राद्धाप्रमाणे दरवर्षी मृताच्या नावे मिस्सा अर्पण करण्याची प्रथा आहे. एका बाजूस मृताचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूस प्रार्थना असलेली छोटी स्मरणपत्रिका छापून आप्तांना वाटतात. ती प्रार्थनापुस्तकात खूण म्हणून राहते व वर्षानुवर्षे हाताळली जाते. नोव्हेंबरमध्ये थडगी धुऊन-पुसून, रंगवून त्यांवर फुले व मेणबत्त्या ठेवतात आणि धर्मगुरू फिरून कबरींवर तीर्थ शिंपडतात. संगमरवरी पाटी, चिनी मातीच्या चकतीवर भाजून पक्के केलेले छायाचित्र, देवदूताची वा मातेची मूर्ती आणि मराठी, इंग्रजी, मलयाळम् अथवा कोंकणी मजकूर ही आजच्या थडग्यांची सामान्य लक्षणे होत. हे काम बहुधा स्थानिक पाथरवट व पाटी रंगविणारे कारागीर करतात. त्यांचा धर्म कोणताही असू शकतो.

दाट वस्तीच्या शहरांत कायम कबरीस जागा पुरत नाही. त्यामुळे काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवतात व तीच जागा दुसऱ्या मृतासाठी वापरतात. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनावरील बंदी शिथिल केली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने दफनाची शिफारस कायम ठेवून दहनास मुभा दिली, तर २०१६ च्या आदेशाने रक्षा विखुरण्यास व घरी ठेवण्यास मनाई करून ती पवित्र स्थळी जतन करण्यास सांगितले. मृताला नाव व जागा असावी आणि त्याची आठवण केवळ एका कुटुंबापुरती न राहता सर्व मंडळीची व्हावी, हा या आदेशामागील विचार आहे.

साडेचार फुटी कोनाडा असो की हातभर पाटी, आजच्या शहरी कुटुंबापुढील प्रश्न १३२१ मधील जॉर्डेनसच्या प्रश्नाहून वेगळा नाही : अस्थी हलणार असतील, तर माणूस कोठे ठेवावयाचा ? या परिसराच्या इतिहासाने त्याला दिलेली उत्तरे पत्र, भित्तिचित्र, कोरीव शिळा, पुराण, क्रूस, अपुऱ्या काव्याची पूर्तता व आठवणींचा ग्रंथ अशी आहेत. यांपैकी शिळा सर्वांत टिकाऊ समजल्या जात; वारस निघून जाताच त्या मूक झाल्या. गायिली, वाचली व पुढे लिहिली जाणारी रूपे मात्र मृताशी रक्ताचे नाते नसलेल्यांनीही जतन केली आहेत.